लोणच्याच्या फाईलचा तपास

ती घटना मी विसरायची ठरवली तरी विसरता येणार नाही, कारण तिच्यात आरोपी मी होते आणि तपास अधिकारी माझ्याच घरात राहत होते.

साहेब म्हणजे माझे यजमान. पोलीस खात्यात छत्तीस वर्षे काढून फौजदार म्हणून निवृत्त झाले. पोलीस लाईनीत सगळे त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून लिहिताना मीही तेच म्हणते. निवृत्तीनंतर आम्ही पुण्यात वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो बंगलोरला बदलून गेला तेव्हा त्याने आपला जुना कॉम्प्युटर बाबांना दिला आणि साहेबांनी त्यावर आपल्या केसेसच्या आठवणी लिहायला घेतल्या. एका बोटाने. त्यांना एक अक्षर सापडेपर्यंत एखादा फरारी आरोपी सापडला असता. दोन वर्षांत नऊ घटना लिहून झाल्या.

मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायचे म्हटले की मी स्वयंपाकघर गाठते. पण कॉम्प्युटर पुसायचे काम माझ्याकडे होते, आणि पुसता पुसता कुठले अक्षर कुठे आहे ते मला पाठ झाले. दुपारी साहेब झोपले की मी त्यांची घटना वाचायची. वाचून राहवायचे नाही, कारण ती तशी घडलेलीच नसायची. मग खरे काय घडले ते मी वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवू लागले. फाईलला नाव दिले ‘कैरीचे लोणचे’. साहेब ती कधी उघडणार नाहीत, एवढी माणसाची पारख मलाही होती.

एके दिवशी कॉम्प्युटरमधून टक टक असा आवाज आला आणि तो बंद पडला, तो कायमचाच. साहेब दोन दिवस नीट जेवले नाहीत. दोन वर्षांचे एका बोटाचे काम होते ते. मुलाचा फोन आला.

“बाबा, मी नवीन कॉम्प्युटर पाठवतो. पण जुन्यातली हार्ड डिस्क टाकू नका, सगळं तिच्यातच असतं. दुकानात न्या, ते काढून नव्यात घालून देतील.”

मी रिसीव्हर घेतला आणि विचारले, “सगळं?”

“सगळं, आई. काही जात नाही.”

म्हणजे लोणचेही परत येणार होते.

साहेबांनी ती हार्ड डिस्क मुद्देमाल म्हणून जप्त केली. माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्याचे कापड तिला गुंडाळले, कडेने शिवले, गाठीवर लाल लाख वितळवून सील केले आणि लेबलावर दोन पंचांच्या सह्या घेतल्या. एक पंच म्हणजे त्यांचे जुने हवालदार. चौकीत ते रायटर होते, म्हणजे सगळे लिखाण त्यांच्याकडे. दर गुरुवारी येऊन साहेबांच्या टायपिंगच्या चुका तेच दुरुस्त करून द्यायचे. दुसरी पंच मी.

“साहेब, घरचा पंच कोर्टात टिकत नाही,” हवालदार म्हणाले.

“कोर्टात कोण चाललंय? सही घ्या.”

मुलाने पाठवलेला कॉम्प्युटर आल्यावर आम्ही तिघे दोन्ही घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने ते गाठोडे उलटसुलट करून पाहिले. “काका, हे काय? पेढे?”

“मुद्देमाल आहे. सील शाबूत आहे का ते आधी बघा.”

“ही लाख गरम असताना याच्यावर ओतली नाहीत ना?”

साहेबांनी हवालदारांकडे पाहिले. हवालदारांनी छताकडे पाहिले.

दोन दिवसांनी बोलावणे आले. आदल्या शनिवारी मी मारुतीला सांगून आले होते की नऊ घटना येऊ देत, लोणचे तेवढे जाऊ दे. असला नवस त्यानेही पहिल्यांदाच ऐकला असेल.

“काका, सगळं निघालं,” दुकानदार म्हणाला. “नव्या कॉम्प्युटरवर घातलंय. घेऊन जा.”

“असं नाही. एकेक फाईल वाचा, हवालदार यादी करतील. यादीशिवाय मी ताबा घेत नाही.”

दुकानदार वाचू लागला. घटना एक, आहे. घटना दोन, आहे. अशा नऊच्या नऊ आल्या. साहेबांच्या चेहऱ्यावर दोन आठवड्यांनी रंग आला. मलाही रडू आले, ते खरेच आनंदाचे होते.

“आणि कैरीचे लोणचे,” दुकानदार म्हणाला. हवालदारांनी तेही यादीत घेतले.

“ते माझं नाही,” साहेब म्हणाले.

“काकूंचं असेल.”

“तिला कॉम्प्युटर पुसता येतो. एवढंच.”

“पण काका, हे लोणचं अकरा पानांचं आहे.”

छत्तीस वर्षांच्या नोकरीचे डोळे बारीक झाले. “उघडा. वाचा.”

दुकानदाराने मोठ्याने वाचले, “घटना तीनमध्ये साहेब लिहितात, सायकलचोराची बातमी खात्रीलायक बातमीदाराकडून मिळाली. बातमीदार कोणी नव्हता. खडकीला लाईनीतल्या नळावर एक बाई म्हणाली, मागच्या चाळीतल्या भाडेकरूकडे रोज वेगळी सायकल दिसते. साहेबांना ते घरी कळले तेव्हा ते वांग्याची भाजी खात होते.” मग त्याने साहेबांकडे पाहून आवाज खाली आणला. “घटना पाचमध्ये साहेबांनी आरोपीचा दोन किलोमीटर पळत पाठलाग केला आहे. साहेब रिक्षाने गेले होते. आरोपी पाय मुरगळून आधीच बसला होता. त्या दिवशी डब्यातली मटकीची उसळ तशीच परत आली.”

“बास!” साहेबांचे कान लाल झाले होते. ते हवालदारांकडे वळले. “त्या रिक्षात आपण दोघंच होतो.”

“साहेब, रिक्षावाला पण होता.”

“उद्या दहा वाजता घरी हजर राहा.”

साहेबांचा तर्क पक्का होता. रिक्षाची गोष्ट हवालदारांना माहीत, टायपिंग हवालदारांना येते, कॉम्प्युटरला हात लावणारा बाहेरचा माणूस तो एकच. आरोपी पकडला त्याच संध्याकाळी रिक्षाचा किस्सा त्यांनी स्वतःच मला हसत हसत सांगितला होता, हे ते विसरले होते. बायकोला सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाही असे पुरुष धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी साहेब खिडकीकडे पाठ करून बसले, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर पडतो. चौकशीत आरोपीला आधी चहा द्यावा, माणूस सैल होतो, हे त्यांचेच म्हणणे. त्या दिवशी मला म्हणाले, “चहा नको.” तेव्हाच मला धास्ती वाटली.

“इतकी वर्षं माझ्या टेबलाशेजारी बसून हेच टिपत होतात का?”

हवालदार खाली मान घालून होते. साहेब बंदोबस्तावर असताना आमच्या तापलेल्या मुलाला सायकलवरून दवाखान्यात नेणारा हा माणूस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात परात होती. ती ठेवायचे सुचत नव्हते.

“साहेब, मी रायटर होतो,” हवालदार शेवटी म्हणाले. “मी लिहिलं असतं तर तारीख, वेळ, ठिकाण घातलं असतं. यात तर प्रत्येक घटनेत भाजी आहे. तुमच्या डब्यातली उसळ परत गेली हे मला कसं...”

ते थांबले. माझ्याकडे पाहिले. परातीकडे पाहिले. मग पुन्हा मान खाली घातली.

“मीच लिहिलं, साहेब. चूक झाली.”

“मग या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.”

हवालदार उठले आणि दारात चपला शोधू लागले. त्यांना समोरच्या चपला दिसत नव्हत्या.

परात माझ्या हातातून पडली. दोघेही दचकून वळले, आणि आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

“अहो, ते मी लिहिलंय.”

साहेबांनी परात उचलून बाजूला ठेवली. मग कोरड्या आवाजात म्हणाले, “पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही.”

“तुम्ही आता पोलीस कुठे आहात?”

हे मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. हवालदार एक पाय चपलेत घालून तसेच हसायला लागले. साहेबांनी हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मिशी हलली की मला कळते.

“हवालदार, बसा,” ते म्हणाले. “आणि चहा टाका कोणीतरी.” मग, “म्हणजे त्या अकरा पानांत लोणच्याची कृती नाहीच?”

“नाही.”

“मग नाव बदल. दिशाभूल होते.”

माफी कोणी कोणाची मागितली नाही. चार दिवसांनी साहेबांनी मला नव्या कॉम्प्युटरसमोर बोलावले. घटना तीन उघडी होती. “नळावर ती बाई नेमकं काय म्हणाली? शब्द न शब्द सांग.” मी सांगत गेले, ते एका बोटाने लिहीत गेले. शेवटी त्यांनी खात्याच्या पद्धतीने ते मला वाचून दाखवले आणि विचारले, “बरोबर आहे?”

“वांग्याची भाजी राहिली,” मी म्हटले. त्यांनी ती घातली.

या केसने मला एक शिकवले. तपासात घरच्या माणसाचा जबाब सगळ्यात शेवटी घेतात. तो आधी घ्यावा, बरीच धावपळ वाचते.

घटना पाचमध्ये साहेब अजून पळतच आहेत. रिक्षा माझ्या फाईलमध्ये सुरक्षित आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी तिचे नाव बदलले आहे, पण ते इथे लिहीत नाही. त्यांचा तपास चालू आहे.