दोन खोल्या आणि बोटीवरून उतरलेला नवरा

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी डबा उघडला की भाजी कुठली, हे कुणीच विचारत नाही. "बाई, काल काय हलवलं?" एवढंच! किस्से इतके साचलेत की मधली सुट्टी पुरत नाही.

आमचे हे तीस वर्षं मालवाहू बोटींवर फिटर होते. यंदा उतरले. साठवलेलं सगळं जामसंड्याच्या या दोन खोल्यांत गेलं, त्यामुळे घर लावायचं ते जवळपास फुकटात. आणि स्वस्थ बसणं यांना माहीतच नाही!

पहिल्याच आठवड्यात मी शाळेतून आले, दार ढकललं, तर समोर कॉट! काल तिथे कपाट होतं. पडदेसुद्धा वेगळे. "सॉरी हां," म्हणत मी चपला उचलून जिना उतरायला लागले. मागून हाक आली, "अगो, घर तुझाच आसा! ये भित्तर!"

०००

मग आंब्याच्या रिकाम्या पेट्या आल्या. घासून, भिंतीला ठोकून त्यांचं शेल्फ झालं. दिसायला झकास! पण प्रत्येक पेटीला पुढून पट्टी आणि प्रत्येक डब्याला दोरी. मला साखरेच्या डब्याची गाठ सुटेना.

"अहो, बिल्डिंग खंय हलता?"

"दर्यो सांगान येता काय?"

तोवर चहा उतू गेला होता.

०००

त्यातली एक पेटी सासूबाईंच्या खाटेच्या वर भिंतीला, औषधांसाठी. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पण नजर शाबूत. वर बघून त्यांनी पेटीवरची छापील अक्षरं मोठ्याने वाचली, "नाशवंत माल. उन्हात ठेवू नये."

मग लेकाकडे वळल्या. "ह्या माझ्यासाठी लिवलंस काय रे?"

०००

विजयदुर्गच्या मित्राकडून यांनी होडीचा उरलेला निळा रंग आणला आणि बाथरूमचं दार रंगवलं. "उद्या सुकतलो!" चार दिवस झाले तरी चिकट! दार लावता येईना, म्हणून आत जाईल त्याने गाणं म्हणायचं असं ठरलं. सासूबाईंना फक्त फुगडीची गाणी येतात.

तिसऱ्या दिवशी शेजारीण पदर खोचून दारात उभी. "वैनी, फुगडी खंय चल्ली आसा गो?"

०००

स्टाफरूममध्ये इथवरच सांगते. पुढचं अजून सांगितलेलं नाही.

बोटीच्या कंपनीचा फोन आला. आणखी सहा महिने येता का, शनिवारपर्यंत कळवा. यांनी फोन ठेवला. त्या दिवशी कपाट तीनदा हलवलं.

तिसऱ्यांदा हात लावताना माझ्या लक्षात आलं. घरात सुईदोऱ्यालासुद्धा जागा झाली होती, पण यांचे शर्ट अजून बोटीवरच्या कॅनव्हासच्या बॅगेतच होते. रजेवर आल्यासारखे! बॅग कॉटखाली, रोज त्यातूनच काढायचं, त्यातच ठेवायचं.

मी माझ्या साड्या ट्रंकेत घातल्या आणि कपाटातला एक कप्पा मोकळा केला. "हो तुमचो."

यांनी कप्प्यात हात घालून बघितला. "माका इतकी जागा कित्याक?"

"तुमका परत जावचा आसा काय?" तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

शनिवारी अर्धी शाळा. फळ्यावर सोपी बेरीज चुकले, पोरांनीच सांगितलं. घरी आले, कॉटखाली वाकून बघितलं. बॅग नव्हती. खोलीत हे नव्हते. कपाट उघडायचा धीरच झाला नाही.

तेवढ्यात गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला.

बॅग कठड्याला बांधलेली होती. खालून दाभणाने भोकं पाडलेली, आत गळ्यापर्यंत लाल माती, मातीत अबोलीचं रोप. हे गुडघ्यावर बसून माती दाबत होते. हात कोपरापर्यंत लाल.

"आता हेका पाणी कोण घालतलो?" सासूबाई विचारत होत्या.

"मी," हे म्हणाले. "रोज."