निसारभाईंचा आठ

दिवाळी होऊन पंधरा दिवस उलटले तरी निसारभाई आले नाहीत, म्हणून मीच फोन लावला. पलीकडे उचलल्याचा आवाज आला आणि मी सवयीनं सुरू झालो, "काय निसारभाई, पॅरिसला गेलात की काय? कपाट वाट बघतंय." त्यांच्या मुलीचा आवाज आला. "काका, मी रुक्साना. अब्बा गेले... तीन आठवडे झाले. फोनमध्ये तुमचं नाव 'फ्रेंच मास्तर' म्हणून होतं. आम्हाला वाटलं, कुणीतरी भाषा शिकवणारे असतील." मी जन्मभर गणित शिकवलं. फोन ठेवून कपाटासमोर जाऊन बसलो. आपण काय बोलून बसलो याची लाज अजून गेलेली नाही.

हे कपाट आमच्याकडे आलं ते सुधाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या हट्टानं. कॅम्पातल्या एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं. त्यात हे उभं होतं, अंगभर हिरवा ऑइलपेंट फासलेलं, एका पायानं लंगडं. विकणारा म्हणाला, फ्रेंच आहे. मी म्हणालो, हिरवं आहे एवढं दिसतंय. तरी ते सदाशिव पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढलं, आणि पुन्हा जिन्यातून उतरवायची कुणाची हिंमत होईना. म्हणून टिंबर मार्केटजवळ पॉलिशचं काम करणारे निसारभाईच घरी येऊ लागले. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

तो सबंध हिवाळा मला स्वप्नासारखा आठवतो. दुपारचं ऊन फरशीवरून सरकत कपाटापर्यंत यायचं, घरभर स्पिरिटचा गोडसर वास असायचा, आणि निसारभाई अंगुळभर अंगुळभर रंग खरवडत असायचे. हिरव्याखालून आधी एक कोरलेला शिंपला निघाला, मग वेल, मग फुलांची परडी. अक्रोडाचं लाकूड उघडं पडलं त्या दिवशी सुधानं त्यावर गाल टेकला. निसारभाई पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवत होते. म्हणाले, "मास्तर, कपाट फ्रेंच, पॉलिशलाही फ्रेंच म्हणतात. पण लाख आपल्याच झाडांवरची. ती तिकडे गेली, ह्याच्या अंगावर बसली आणि माघारी आली." नंतर कितीतरी दुपारी मी पेंगत पेंगत ती लाख जहाजातून जाताना-येताना पाहिली आहे.

एकदा मी म्हणालो, मला शिकवा. कापसाला मऊ सुती कापड गुंडाळून केलेला बोळा त्यांनी माझ्या हातात दिला. "हलक्या हातानं आठ काढत राहा. मधे थांबायचं नाही, थांबलात की चिकटलं." मी डाव्या दारावर मन लावून आठ काढला. आपला मराठी ८. त्याचं शेपूट जिथे संपतं तिथे माझा हातही संपला, बोळा चिकटला आणि कापडाची वीण पॉलिशमध्ये उमटली. निसारभाई आधी बघतच राहिले, मग पोट धरून हसले. "अहो मास्तर, इंग्रजी आठ! तुमचा आठ संपतो. माझा संपत नाही."

"मग हात उचलायचा कधी?"

"थांबून नाही उचलायचा. चालता चालता दाराच्या कडेवरून बाहेर जाऊ द्यायचा."

तो डाग त्यांना सहज घालवता आला असता. "राहू द्या, मास्तरांची सही आहे," म्हणाले. पॉलिशच्या एकेका थराला ते हात म्हणत, आणि आमच्या कपाटाला शेवटचा हात त्यांनी कधी दिलाच नाही. पावसाळ्यात पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की यायचे, एक हात द्यायचे, चहा प्यायचे आणि जिना उतरताना ओरडायचे, "एक हात बाकी!" बोळा मात्र ते आमच्याकडेच ठेवत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या बरणीत. मी कधी कधी चिडवायचो, की काम पुरं करायची नियत दिसत नाही. ते नुसते हसायचे. काम पुरं झालं की यायला निमित्त उरत नाही, हे त्या भल्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं. मला ते फोन ठेवल्यावर कळलं.

मागच्या रविवारी बरणी उघडली. बोळा एका कडेनं कडक होऊ लागला होता. वापरला नाही तर महिन्याभरात दगड होणार, आणि वापरला तर निसारभाईंचा बाकी राहिलेला हात माझ्याकडून संपणार... बराच वेळ बरणी मांडीवर घेऊन बसून राहिलो. मग थोडं स्पिरिट घालून बोळा मऊ केला, बरणीशेजारी त्यांनी ठेवलेल्या बाटलीतलं उरलेलं पॉलिश त्यात मुरवलं. त्यांच्या अंगठ्यानं पडलेला खळगा होता, त्यात माझा अंगठा बसला. मला रडू फुटलं.

उजव्या दारावर सुरुवात केली. इंग्रजी आठ, त्यावर आठ, पुन्हा आठ. ऊन दारापर्यंत आलं. सुधानं आतून चहाला हाक मारली, मी "येतो" म्हणालो आणि हात चालूच ठेवला. सगळं दार केव्हाच झालं होतं. कडेवरून हात न्यायचं तेवढं मला जमेना. शेवटी सुधाच बाहेर आली आणि माझ्या मागे उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या आता."

चालता चालता हात कडेवरून जाऊ दिला. बोळा बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं. डाव्या दाराला, माझ्या त्या ८ ला, मी हात लावलेला नाही. तो बाकी आहे.