नकोसं वाटणं

काल माझ्या वर्गात बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. लहान मुलांच्या मनावर खेळातून, बोलण्यातून उपचार कसे करायचे, हे त्यांनीच मला शिकवलं. आता ते शिकवायचं कसं, हेही त्याच शिकवताहेत.

नेहा ही शिकाऊ डॉक्टर बोलायला उठली. "मॅडम, माझ्याकडे उपचाराला येणारी ती छोटी मुलगी दर वेळी मला म्हणते, 'तू जा.' मला नाही जमत. ही केस दुसऱ्या कुणाला द्या."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या नुसत्या नेहाकडे बघत होत्या, शांतपणे, तिच्या शेजारी बसल्यासारख्या. मी उत्तर गिळलं आणि विचारलं, "ती 'जा' म्हणते तेव्हा तुला काय वाटतं?"

नेहा म्हणाली, "नकोशी झाल्यासारखं वाटतं."

"तिलाही घरात तसंच वाटत असेल का गं?"

नेहाने रडतच डोळे पुसले. मग म्हणाली, "मीच बघते तिला, मॅडम."

दुसऱ्याचं दुःख सोसायचं बळ पुस्तकातून येत नाही. आपलं दुःख कुणीतरी न घाबरता ऐकून घेतलेलं असावं लागतं.

वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या, "माझ्या सरांनी मला हेच विचारलं होतं. मीही अशीच रडले होते."

त्या सरांना मी कधी पाहिलेलं नाही. तरी काल घरी जाताना मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.