अण्णांची वस्त्रगाळ रागी

माझी मुलगी तिच्या आजोबांना विसरली.

काल फोनमधला फोटो दाखवला तर म्हणाली, "हे कोण अंकल?"

अंकल! ज्यांनी हिला पहिला घास भरवला, ते अंकल.

आज अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. अण्णा म्हणजे माझे सासरे. ते गेले तेव्हा चिनू जेमतेम दोन वर्षांची होती. त्या वयातलं काही लक्षात राहत नाही, हे गुगल न करताही कळतं मला. तरी वाईट वाटलं. खूप वाटलं.

मी पुण्याची. अण्णा पक्के बेंगळूरचे, कित्येक पिढ्यांचे. त्यांच्या मराठीत स्वल्प कन्नड, माझ्या मराठीत अर्धं इंग्लिश. मी नाचणी म्हणायचे, ते रागी.

सासूबाई गेल्यावर ते आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर राहायला आले. पेपर वाचून झाला की आता दिवसाचं करायचं काय, असा चेहरा करून बाल्कनीत बसायचे.

मग चिनूचं उष्टावण झालं आणि अण्णांना नोकरी लागली.

रागी धुवायची, भिजवायची, ओल्या पंच्यात बांधून सिंकवर टांगायची. मोड आले की मला हाक. "नोड, नोड, नेहा! कसे आलेत बघ!"

मी कॉलवर. म्यूट करून मोड बघायला जायचे.

मग सावलीत वाळवणं, मंद भाजणं, दळण. आणि शेवटी पातेल्याच्या तोंडावर जुन्या मऊ धोतराचा तुकडा बांधून, तळहाताने हळूहळू पीठ गाळणं. वस्त्रगाळ.

त्या दुपारी अजून माझ्या अर्धवट झोपेत येतात.

पीठ हवेत तरंगतंय. उन्हाचा पट्टा त्यातून आत येतोय. अण्णांच्या भुवया मुळात पांढऱ्या की पिठाने, ते कळत नाहीये. चिनू चटईवर पालथी पडून एकटक बघतेय. खाली ट्रॅफिक आहे, पण तो लांब कुठल्या तरी दुसऱ्याच शहरातला वाटतोय.

एकदा विचारलं, अण्णा, मिक्सर आहे ना घरात?

"मिक्सर तापतो ग. इतकी घाई कशाला? पुट्टीला कुठे ऑफिसला जायचंय?"

पुट्टी म्हणजे चिनू. छोटी.

दळायला ते मागच्या गल्लीतल्या गिरणीत जायचे. तिथे त्यांचा नियम एकच. आपल्या आधी कुणाची तरी रागी किंवा तांदूळ दळून झालेले हवेत. तोवर बाकड्यावर बसून राहायचं.

आणि एकदा अण्णा चुकले.

चिनूला पहिला दात आला होता. अण्णा गिरणीत सगळ्यांना तेच सांगत बसले. दात कुठे आला, कसा आला, चमच्यावर कसा टकटक वाजतो. त्या नादात आपल्या आधी मशीनमध्ये काय गेलं, ते बघायचं राहिलं.

मिरची गेली होती.

पहिला चमचा तोंडात गेला आणि चिनूने जो टाहो फोडला! ओठ लालबुंद. मी दूध पाजलं, तोंड पुसलं, कडेवर घेऊन फिरवलं. थोड्या वेळाने हसायलाही लागली बया.

अण्णा मात्र हसले नाहीत. मटकन खाली बसले.

"अय्यो देवा. मी पुट्टीला मिरची भरवली."

सगळं पीठ टाकून दिलं. धोतराचा तुकडा धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. "उद्यापासून बाजारातलं पाकीट आणा. माझ्यावर आता भरवसा ठेवू नका."

नवरा समजावून थकला. मी समजावून थकले. अण्णा खोलीचं दार लोटून बसले. आपण म्हातारे झालो, याची त्यांना भीती वाटलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

पाकीट आणलं. चिनूने ते माझ्या ऑफिसच्या कुर्त्यावर फुर्र केलं. रोज.

शेवटी माझं डोकं फिरलं. तिला उचललं आणि थेट अण्णांच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"अण्णा, रुसायचं तर नंतर रुसा. तिला भूक लागलीय आणि मला मीटिंग आहे."

बाहेर येऊन दाराआड उभी राहिले. मीटिंग-बिटिंग काही नव्हती.

आतून हळूच अण्णांचा आवाज.

"पुट्टी, रागी भिजत घालूया का ग?"

पुट्टी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण त्यानंतर अण्णा जाईपर्यंत ती त्यांच्याच हातून जेवली.

आता धाकट्याचं उष्टावण झालंय. आज मुद्दाम अण्णांच्या पद्धतीने रागी केली. थंड पाण्यात कालवून, मंद गॅसवर, चकाकी येईपर्यंत हलवत. वर तुपाचा थेंब.

धाकटा तोंड घट्ट मिटून बसला. बापरे, काय हट्ट!

"आई, तू सरक. मी देते," चिनू म्हणाली.

तिने चमचा आधी स्वतःच्या जिभेला लावला. डोळे मिटले. आणि थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, आता स्वतःच खाऊन टाकणार.

मग डोळे उघडून भावाला म्हणाली, "तिखट नाहीये. खा."



मिरचीच्या त्या दिवसानंतर अण्णा प्रत्येक वाटीआधी हेच करायचे. असेच डोळे मिटायचे, असेच थांबायचे, आणि हेच म्हणायचे. माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"चिनू, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. असंच भरवतात."

धाकट्याने तोंड उघडलं.

अण्णा, दोन्ही पोरं जेवली. नमस्कार करते.