गांडूळसरांची तळटीप

कॉलेजात त्यांना सगळे गांडूळसरच म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मातीचे ट्रे मांडून बसलेला माणूस. नखांतली माती लग्नाच्या दिवशीही निघाली नव्हती, असं त्यांची बायको सांगायची. पाणी साचलेल्या जमिनीत गांडुळं कशी तग धरतात, यावर त्यांचा एकच धड शोधनिबंध. ऑनलाइन ज्ञानकोशातल्या गांडुळावरच्या लेखात कुणा अनोळखी माणसाने त्याचा संदर्भ तळटीपेत दिला होता. सर अधूनमधून ग्रंथालयात येऊन ते पान उघडायचे, "आहे अजून," म्हणायचे आणि निघून जायचे.

मी तिथली ग्रंथपाल. यंदा वरून फर्मान आलं, की कुणाच्या संशोधनाचे ज्ञानकोशात किती संदर्भ आहेत ते मोजून द्या, बढती त्यावर ठरेल. रसायनशास्त्राच्या मॅडमचे चौदा निघाले, सरांचा एक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, ही शेवटची संधी. मला राहवलं नाही. कुणाला न विचारता, खोटं नाव घेऊन, मी तो निबंध आणखी अकरा लेखांत चिकटवला. पूर, शेणखत, बेडूक, आणि एक तर फुटबॉलच्या मैदानावरचा लेख! नसता शहाणपणा, दुसरं काय.

चौथ्याच दिवशी ज्ञानकोशाच्या एका स्वयंसेवकाला वास आला. त्याने बाराच्या बारा संदर्भ उडवले, जुना खराही, आणि खाली शेरा मारला, 'लेखकाने स्वतःचीच जाहिरात केलेली दिसते.'

प्राचार्यांनी भर बैठकीत तो शेरा वाचून दाखवला. सर एवढंच म्हणाले, "मी नाही केलं." कुणीतरी हसलं. मी संदर्भांच्या मोजणीचा तक्ता हातात धरून समोरच बसले होते आणि तोंडातून शब्द फुटला नाही. केल्यापेक्षा त्या गप्प बसण्याची मला जास्त लाज वाटते, अजूनही.

दोन दिवसांनी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं आणि प्रयोगशाळेत जाऊन सरांनाही सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते ट्रेवर पाणी शिंपडत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, एक विचारू? तो पहिलाही तुम्हीच घातला होतात ना?"

"नाही हो सर, शप्पथ! तो खरंच कुणीतरी दिला होता. वर चला, पानाच्या जुन्या नोंदींत कुणी, कधी घातला ते दाखवते."

"असू दे," सर म्हणाले. "माझं मन राखायला आणखी किती खटाटोप कराल?"