शिक्का मारून मुकं केलेलं पुस्तक

तुम्ही कधी चित्र ऐकलंय का? नाही ना? मग पाणीपुरवठा कचेरीतल्या ऑपरेटरताईंना भेटायलाच हवं. त्यांनी अख्खी नियमावली चित्रात ऐकली आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही शब्द न ऐकता.

ताईंची खुर्ची तळमजल्यावर, जिन्याखाली. डोक्यावरून माणसं चढतात-उतरतात आणि कानातून फोन. ताईंना जन्मापासून दिसत नाही, पण तीन मजल्यांत त्यांच्याइतकं चौफेर लक्ष कुणाचं नाही. नुसत्या 'हॅलो'वरून त्या माणूस ओळखतात, त्याचा मूड ओळखतात, आणि तो साहेबांना काय थाप मारणार आहे तेही ओळखतात. जीभ तिखट. कुणी "अरेरे, बिचाऱ्या" म्हणालं की त्याचा फोन हमखास भांडारगृहात लागतो आणि तिथेच वाजत राहतो.

या ताईंना चौकशी कक्षाचं प्रमुखपद हवं होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तक्रारी नुसत्या जोडून दिल्या. पलीकडचा माणूस जांभई देत "बघतो" म्हणायचा, तेही त्यांनाच ऐकू यायचं. आता जांभई देणाऱ्या खुर्चीवर आपण बसायचं आणि जांभई द्यायची नाही, एवढीच हौस. त्यासाठी खात्याची परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. आणि अभ्यासाला एकच पुस्तक, सुधारित नियमावली, कचेरीच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली.

ताईंच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम आहे. त्यांनी नियमावली उघडली, हेडफोन लावला, आणि प्रोग्रॅम म्हणाला, "चित्र. पुढचं पान. चित्र. पुढचं पान. चित्र."

ताई सरळ वरच्या मजल्यावर संगणकसाहेबांकडे गेल्या. संगणक विभागाचे प्रमुख म्हणून त्यांना सगळे संगणकसाहेब म्हणतात. संगणकाने अजून त्यांना साहेब मानलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

"साहेब, नियमावली बोलत नाही."

"उघडते ना?"

"उघडते."

"मग झालं की!"

"साहेब, तुमच्या घरचा नळ उघडतो, पण पाणी येत नाही. झालं का?"

साहेबांनी मग त्यांना कचेरीची पद्धत समजावून सांगितली. ती पद्धत ऐकण्यासारखी आहे. स्टेनो मजकूर संगणकावर टाइप करतो. मग तो कागदावर छापतो. मग प्रत्येक पानावर गोल शिक्का मारतो, कारण शिक्क्याशिवाय अक्षराला वजन येत नाही. मग शिक्का मारलेल्या पानांचे स्कॅनरवर फोटो काढतो आणि ते फोटो संकेतस्थळावर चढवतो. संगणकातून निघालेला मजकूर कागदाची वारी करून पुन्हा संगणकात येतो, फक्त येताना अक्षरं वाटेत टाकून. या पद्धतीला कचेरीत कागदविरहित कारभार म्हणतात. त्यासाठी लागणारी कागदाची खोकी वर चढवायला दोन शिपाई आहेत.

आणि हो, साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र आहे. 'दस्तऐवजांचे खुले स्वरूप स्वीकारल्याबद्दल.' खुलं स्वरूप म्हणजे फार काही गूढ नाही. एकाने लिहिलेली फाईल दुसऱ्याच्या यंत्रावर, कुठल्याही कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये सुखरूप उघडावी आणि अक्षरं अक्षरंच राहावीत. फाईल कशी बांधायची याचा नियम सर्वांसमोर मांडलेला असावा, कुणाच्या तिजोरीत नसावा. बस. तेवढंही कचेरीने स्वीकारलं ते चौकटीत घालण्यापुरतं.

"मला मूळ फाईल द्या," ताई म्हणाल्या.

"मूळ फाईल कशी देणार? तुम्ही त्यात बदल केलात तर?"

"मी माझ्या संगणकावर बदल केला तर शहराचे नियम बदलतील?"

"तसं नाही हो ताई. घरी वहिनी आहेत ना? त्यांच्याकडून वाचून घ्या."

"बढती वहिनीला देणार आहात का?"

घरी वहिनीही तेच म्हणाली. ती मनाने चांगली, कामाने दमलेली. "वन्सं, मी वाचते की रोज थोडं. त्यात काय मेलं!"

"तू वाचशील गं. पण उद्या त्या खुर्चीत बसल्यावर तुला शेजारी स्टुलावर बसवू का? दुनिया आपापलं वाचते, तसं मलाही माझं मला वाचायचंय."

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी कचेरीची पद्धत मनोभावे स्वीकारली. साहेब जागेवर नसले की त्यांचे निरोप लिहून पाठवणं हे ताईंचं काम, आणि साहेब जागेवर नसणं हे साहेबांचं. आजवर ताई निरोप टाइप करून पाठवायच्या. आता त्यांनी ब्रेलची पाटी काढली, जाड कागद लावला, टोचणीने निरोप टोचले, शिपायाकडून प्रत्येकावर गोल शिक्का मारून घेतला आणि वर धाडले. साहेबांच्या टेबलावर ठिपक्याठिपक्यांचे कोरे कागद जमू लागले.

साहेबांनी फोन केला. "ताई, हे काय आहे?"

"निरोप आहेत, साहेब."

"मला वाचता येत नाहीत!"

"उघडतात ना?"

साहेबांनी फोन आदळला. वाचून दाखवायला मात्र त्यांनी कुणाला बोलावलं नाही. मान नावाची वस्तू त्यांच्याकडेही होती, फक्त जागा चुकलेली. त्या कागदांत एक निरोप असा होता की उद्या सकाळी कचेरीच्या संचालकबाई संगणक विभागाच्या पाहणीला येत आहेत. संचालकबाई आल्या तेव्हा साहेब समोरच्या दुकानात दाढी करून घेत होते. अर्ध्या गालाला फेस, तसेच धावत आले.

संध्याकाळपर्यंत ताईंना कारणे दाखवा नोटीस निघाली. टाइप झाली, छापली, शिक्का बसला, फोटो निघाला, मेलवर आली. ताईंच्या प्रोग्रॅमने ती इमानदारीत वाचली, "चित्र." ताईंनी लगेच उत्तर पाठवलं, "आपले चित्र मिळाले. छान असावे. आभारी आहे."

या उत्तरावर मात्र सुनावणी लागली. संचालकबाईंच्या दालनात ताईंनी काही भाषणबिषण केलं नाही. संगणक टेबलावर ठेवला, हेडफोनची वायर काढली आणि नियमावली सुरू केली. चित्र. पुढचं पान. चित्र. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हे कुठवर असंच आहे?"

"शेवटपर्यंत, बाई. मी दोनदा ऐकलंय, पाठ आहे."

बाईंना हसू आलं, साहेबांना घाम. मूळ फाईल तत्काळ देण्याचा हुकूम झाला.

झालं? छे! मूळ फाईल आली, ताईंनी उघडली, आणि प्रोग्रॅम बरळू लागला. इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, टक्के. तापात बडबडावं तसं.

स्टेनो म्हणाला, "माझ्या मशीनवर तर झकास दिसतं!"

दिसणारच. स्टेनो वापरत होता तो जुना फॉन्ट म्हणजे सोंग होतं. आत सगळी इंग्रजी अक्षरं, वरून आपल्या लिपीचा सदरा. तो सदरा फक्त स्टेनोच्या मशीनवर, फक्त एका प्रोग्रॅममध्ये. तो विकणारी कंपनीही कधीच गाशा गुंडाळून गेलेली. सगळं जग युनिकोडवर आलं, प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ओळख मिळाली, पण स्टेनोची बोटं जुन्या कळांना सोडेनात. "हात बसलाय हो," तो म्हणे. स्टेनोचा हात बसला आणि शहराची कागदपत्रं त्याच्या हाताखाली बसली.

आता नियमावलीचं एकेक प्रकरण युनिकोडमध्ये बदलायचं, बदलताना मोडलेली जोडाक्षरं हाताने सांधायची, खुल्या स्वरूपात साठवायचं आणि ताईंना द्यायचं. स्टेनो माणूस वाईट नव्हता, मन लावून बसला. पण प्रत्येक प्रकरणावर आधी संगणकसाहेबांची मंजुरी हवी, आणि साहेबांना आता एकाएकी काटेकोरपणाची बाधा झाली होती. ताईंनी आलं ते प्रकरण दोन कॉलच्या मधल्या वेळात, बसथांब्यावर, भाजी निवडताना ऐकलं. आवाजाचा वेग इतका वाढवला की शेजारी बसलेल्या वहिनीला वाटायचं कानात माशी गुणगुणतेय. शेवटचं प्रकरण तक्रार निवारणाचं. ते परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आलं. वर शेरा, 'तातडीचे'.

प्रश्नपत्रिका बाहेरच्या मंडळाने काढलेली, त्यामुळे ती खणखणीत बोलली. तिने विचारलं, तक्रार कुठल्या नियमाखाली, किती मुदतीत, कुणाकडे पाठवाल? तक्रार प्रत्यक्षात कुणाकडे जाऊन कुजते हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. नियमाचा क्रमांक मात्र ठाऊक नव्हता. तेवढे गुण गेले, आणि तेवढ्यानेच पद गेलं.

निकाल कळला तेव्हा वहिनी चुलीपुढून उठून आली. "वन्सं, माझ्याकडून वाचून घेतलं असतंत तर पास झाला असतात."

"झाले असते," ताई म्हणाल्या. हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "पण मग पुस्तक मुकंच राहिलं असतं गं. साहेब म्हणाले असते, बघा, चाललंय की."

ताईंनी वयाची अट शिथिल करण्याचा अर्ज केला आहे. पुस्तक कचेरीने उशिरा दिलं, मग वय माझं का वाढवता, असा एका ओळीचा. अर्ज युनिकोडमध्ये आहे, खुल्या स्वरूपात आहे, कुठल्याही यंत्रावर उघडतो. संगणकसाहेबांनी तो नाकारला. शिक्का नाही म्हणाले. ताईंनी तो संचालकबाईंकडे पाठवला आहे, आणि त्यांच्याकडे येणारा प्रत्येक फोन ताईंच्याच हातून जातो. तेव्हा विसर पडायची भीती नाही.

नियमावली मात्र आता बोलते. ताईंनी बोलायला लावली म्हणून. तुमच्या शहरातली बोलते का ते तुम्ही कधी पाहिलंय? नुसतं पाहू नका. उद्या जवळच्या कुठल्याही कचेरीत जा, चित्र करून ठेवलेला एखादा कागद निवडा आणि त्याची मूळ फाईल मागा. कशाला हवी, असं विचारतील. सांगा, वाचायला.