पातूरच्या शाळेत बोललेलं खोटं

मी बास्केटबॉल खेळायचो म्हणून मला नोकरी मिळाली. अकोल्यात एका सरकारी कार्यालयात मला टेबल होतं, पण टेबलावर काम नव्हतं. साहेबांना जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धेत ढाली हव्या असायच्या आणि त्यासाठी आम्ही आठ-दहा जण ठेवलेले होतो. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मैदान. मधल्या वेळेत खुर्चीवर बसायचं, आणि तेच मला जमत नसे. पाऊण तास झाला की मी उठायचो, व्हरांड्यात जायचो, पाणी प्यायचो, परत यायचो. शेजारचे कारकून म्हणायचे, याला बांधून ठेवा.

हे लहानपणापासूनचं होतं. आमचं गाव तिवशाजवळ. शाळेत पुस्तक उघडलं की थोड्या वेळात कपाळ दुखायचं, अक्षरं मुंग्यांसारखी हलायची, आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागायचो. बाहेरचं मला सगळं स्वच्छ दिसे. लांबच्या वावरात कोणाचे बैल चालले आहेत ते मी वर्गातून ओळखायचो. मास्तरांनी छड्या मारून पाहिल्या. बाबा म्हणायचे, या पोराच्या पायाले भिंगरी हाय, याले धंद्याले लावा. मॅट्रिक मी दुसऱ्या खेपेला पास झालो, तेही मित्र मोठ्यानं वाचायचा आणि मी फिरत फिरत ऐकायचो म्हणून. उंची सहा फुटांवर गेली होती, त्यामुळे अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला घेतलं. तिथे चेंडू हातात आला आणि पहिल्यांदा माझ्या पायांना काहीतरी काम मिळालं.

आमच्या संघाचा कप्तान माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. तो अमरावतीचा. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी निघाल्या आणि त्या जागी वडिलांनी एक फळी ठोकून त्यावर पुस्तकं मांडली. आईला वाचता येत नसे. रोज संध्याकाळी एक मुलगा तिला दहा पानं वाचून दाखवायचा, असा घरात नेमच होता. सामन्याला जाताना आम्ही रेल्वेच्या डब्यात पत्ते कुटायचो, तेव्हा दादा कोपऱ्यात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन बसायचा.

जिल्हा परिषदा नव्यानं झाल्या होत्या. शिक्षण खात्यात एक अधिकारी आले. त्यांच्या मनात आलं, मास्तरांनी सांगितलं तर पोरं वाचत नाहीत, खेळाडूंनी सांगितलं तर वाचतील. त्यांनी आमच्या साहेबांना गाठलं. ठरलं असं की शनिवारी सकाळच्या शाळेत दोन खेळाडू जातील, खेळ दाखवतील आणि मुलांना पुस्तकं वाचायला सांगतील. दादाचं नाव आधीच नक्की होतं. दुसरं नाव माझं लागलं, कारण सगळ्यात उंच मी होतो.

आम्ही एस.टी.नं जायचो. सोबत एक चेंडू, लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी कडी आणि पुस्तकांची पिशवी. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाला कडी बांधायची. मी लांबून चेंडू टाकायचो, पोरं ओरडायची. मग त्यांना सावलीत बसवून दादा एखाद्या पुस्तकातली दोन पानं वाचायचा आणि ऐन भरात आलं की पुस्तक मिटायचा. पोरं चिडायची. तो म्हणायचा, पुढचं पाहिजे असेल तर पुस्तक इथं ठेवून जातो, वाचा. शेवटी मी दोन वाक्यं बोलायचो, की मुलांनो, खेळा आणि वाचा, आम्हीपण वाचतो. हे बोलताना माझी नजर नेहमी कडीकडे असायची. चार-पाच शाळा तशाच पार पडल्या. तरी शुक्रवार आला की मला जेवण जात नसे.

पातूरला सातवीच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्या, हातात पेन्सिल. तिनं दादाला काही विचारलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी आता कोणतं पुस्तक वाचून राहिले जी?"

सगळी शाळा माझ्याकडे पाहत होती. मला एकही नाव आठवेना. दादाच्या पिशवीतल्या पुस्तकांची नावंही मी कधी पाहिली नव्हती. मी म्हणालो, "पांगळा वाघ."

ती खाली बसली नाही. कशाबद्दल आहे, म्हणाली. मग मी सांगत सुटलो. मेळघाटात एक वाघ असतो, त्याचा पुढचा पाय सापळ्यात सापडून मोडलेला. एक जंगल खात्यातला रखवालदार त्याच्या मागावर निघतो, पण त्याच्या लक्षात येतं की वाघ पळत नाहीये, त्याला कुठेतरी नेतो आहे. इथपर्यंत आलो आणि दादा करतो तसं मीही थांबलो. पोरं चिडली. त्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर नाव लिहून घेतलं.

परत येताना एस.टी.त जागा रिकामी असून मी दारापाशी उभा राहिलो. दादानं विचारलं, कोणाकडून घेतलं होतं ते पुस्तक. मी म्हणालो, गावाकडे एकानं दिलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मैदानावर हात चुकायला लागला. ती मुलगी वाचनालयात जाऊन विचारते आहे असं सारखं डोळ्यांपुढे यायचं. मग मी स्वतःला सांगायचो, पोरं विसरतात. सायकल काढून विनाकारण मोर्णा नदीच्या पुलापर्यंत जायचो आणि परत फिरायचो.

महिन्याभरानं कार्यालयात माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं. असं कार्ड मला आजवर कोणी पाठवलं नव्हतं. मी ते घेऊन व्हरांड्यात उजेडाला गेलो, हात लांब केला, डोकं मागे नेलं, तरी बारीक अक्षर जुळेना. दादा मागे कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्यानं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं, की आमच्या वाचनालयात पांगळा वाघ नाही. मी तीन शनिवार जाऊन आले. तिथले गुरुजी म्हणतात, यादीतसुद्धा असं नाव नाही. तरी तुम्ही तुमचं पुस्तक दहा दिवसांसाठी पाठवावं. मी पुठ्ठा घालून परत करीन.

दादानं कार्ड खाली केलं. "असं पुस्तक नाही ना?"

"नाही."

"खोटं बोलाचं होतं तर चेंडूबद्दल बोलाचं होतं," तो म्हणाला. "पुस्तकाबद्दल काहून बोलला?"

मी त्याला सगळं सांगितलं. आजवर एकही पुस्तक पुरं केलेलं नाही, डोकं दुखतं, बसवत नाही, अक्षरं हलतात. मला वाटलं तो रागावेल. त्यानं कार्डाकडे आणि माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्यानं मला कार्ड पुन्हा धरायला लावलं. मी पुन्हा हात लांब केला. त्यानं समोरच्या रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. मी ती घडाघडा वाचली, खालच्या बारीक ओळीसकट.

दुसऱ्याच दिवशी तो मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, त्यानंतर दोन-तीन दिवस उन्हात डोळे उघडवत नव्हते आणि सराव बुडाला. पुन्हा तपासणी झाली, भिंगं बदलून बदलून पाहिली. मला लांबचं ठीक दिसत होतं, जवळचं दिसण्यासाठी डोळ्यांना सतत ताण द्यावा लागत होता, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, शाळेत कोणाच्या लक्षात कसं नाही आलं? मला मास्तरांच्या छड्या आठवल्या. खाली आल्यावर मी दादाची सायकल घट्ट धरून उभा राहिलो. सोळा वर्षांचा राग एकदम आला आणि तो कोणावर काढायचा ते कळेना.

चष्मा आला, तरी वाचन लगेच आलं नाही. अक्षरं आता हलत नव्हती, पण सवय कुठे होती? दादानं लहान मुलांसाठी लिहिलेलं एक पातळ पुस्तक दिलं, विहिरी खोदत गावोगाव फिरणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट. ऐंशी पानं. मला अकरा दिवस लागले. चार पानं झाली की उठायचो, खोलीत दोन फेऱ्या मारायचो, पुन्हा बसायचो. एका ठिकाणी रहाट तुटून थोरल्या पोराचा पाय मोडतो. तिथे मात्र मी उठलो नाही.

मग मी दादाला म्हणालो की पातूरला जायचं. त्यानं हो म्हटलं, पण एक अट घातली, की तो बोलणार नाही.

वर्गात मी उभा राहिलो आणि सांगितलं की पांगळा वाघ नावाचं पुस्तक नाही. मला पुस्तक वाचता येत नव्हतं, म्हणून मी खोटं बोललो. हेडमास्तर खुर्चीत सावरून बसले. मुलगी तिसऱ्या रांगेत होती. ती उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मी वाचनालयातल्या गुरुजीसंगं भांडली," ती म्हणाली. "थे म्हणत होते असं पुस्तक नाही, अन मी म्हणत होती, हाय."

मी विहिरीचं पुस्तक पुढे केलं आणि हे खरंच वाचलं आहे असं म्हणालो. तिनं ते घेतलं, पण लगेच खाली बसली नाही. मधलं एक पान उघडून वाचलं आणि विचारलं, मोठ्या पोराचा पाय कशानं मोडला. मी सांगितलं. मग तिनं पहिलं पान काढलं आणि बैलांचा रंग विचारला. तो मला आठवेना.

"पहिल्याच पानावर हाय," ती म्हणाली. वर्ग हसला. ती हसली नाही. पुस्तक मात्र तिनं ठेवून घेतलं.

आम्ही निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि विचारू लागली, "त्या वाघानं रखवालदाराले कुठी नेलं?"

मी तिला खरं ते सांगितलं. पुढचं मी ठरवलंच नव्हतं. ती नाराज होऊन परत गेली. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही, आणि त्यानंतर तिचं पत्रही आलं नाही.

हेडमास्तरांनी मात्र पत्र लिहिलं. अशा माणसाला मुलांपुढे कशाला पाठवता, अशी तक्रार शिक्षण अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो, दादा आत बोलत होता. काय बोलला ते त्यानं कधी सांगितलं नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाला, येत्या शनिवारी बार्शीटाकळी.

बार्शीटाकळीला मी कोणी विचारायची वाट पाहिली नाही. चष्मा लावून सांगितलं, की माझं एक पुस्तक वाचून झालं आहे आणि दुसऱ्याच्या एकोणिसाव्या पानावर मी आहे. पोरांना ते गमतीचं वाटलं. मागच्या बाकावरच्या एका मोठ्या पोरानं हळूच म्हटलं की त्याचंही डोकं दुखतं. दादानं त्याला पुढे बोलावून फळ्यावरचं आणि मग हातातलं वाचायला लावलं. त्याचा त्रास वेगळा निघाला, त्याला फळाच दिसत नव्हता. आम्ही त्याच्या मास्तरांना सांगून निघालो.

माझं दुसरं पुस्तक पुरं व्हायला दिवाळी उजाडली.